छातीखालचा दरवाजा

कौसल्याने चष्मा पदराला पुसला आणि पडद्याला जवळजवळ नाकच टेकवलं. दोन रंगीत नळ्या शेजारी शेजारी हलत होत्या. डावीकडची मध्येच करकचून आवळलेली, तिथे नुसती लाल रेघ. उजवीकडची मात्र निळीशार; ती फुलायची, आवळायची, पुन्हा फुलायची.

"लाल काकांची," तरुण डॉक्टर वैदेही म्हणाली. "निळी तुमची, मावशी."

"माझी?"

"अन्ननळी पोटाला मिळते ना, तिथला दरवाजा. नळीच्या टोकाला फुगा होता ना, त्यात पाणी दोघांच्याही वेळी सारखंच भरलं होतं. तुमचा, अंगठा जाईल एवढा उघडला. काकांचा, वाटाणा जाईल न जाईल."

परळच्या त्या हॉस्पिटलात धडधाकट माणसांचीही मापं घेत होते, आजाऱ्याचं किती बिघडलंय ते ताडून बघायला. नळीचं नाव काढताच जयवंतने हातपाय गाळले, तेव्हा "आधी मी गिळते, मग तुम्ही," म्हणत कौसल्याच पुढे झाली होती. नवरा भित्रा आहे असं तिचं मत होतं. तशी त्याच्याबद्दल तिची बरीच मतं होती. दोन वर्षं हा माणूस चार घासांत पानावरून उठायचा आणि मोरीशी जाऊन ठसकत उभा राहायचा. लालबागच्या अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ती म्हणायची, "बायकोच्या हातचं गोड लागत नाही, दुसरं काय!" तो कधी उलटून बोलला नाही.

"त्यांनी मनावर घेतलं असतं तर दार उघडलं असतं?" तिने हळूच विचारलं.

"नाही हो. ते कुणाच्याच हातात नसतं. तुम्ही तरी तुमचं कधी उघडलंत?"

कौसल्याने पुन्हा निळ्या नळीकडे पाहिलं. साठी आली. भाकरी, बांगडा, देवळातलं तीर्थ, सगळं याच दारातून गेलं. तिने त्याला एकदाही उघड म्हटलं नव्हतं की मीट म्हटलं नव्हतं. आपल्या आत इतकं शहाणं काही राहतं आणि आपल्याला पत्ताच नाही! तिचे हात नकळत जोडले गेले. मग नजर डावीकडच्या लाल रेघेवर गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे उघडेल?"

"तोंडातून दुर्बीण घालून तिथला स्नायू कापायचा. मग लगेच पुन्हा मोजू."

कापलं, मोजलं. वैदेहीने बाहेर येऊन मोबाइलवर चित्र दाखवलं. कौसल्याच्या चित्राइतकं ते रुंद नव्हतं, पण लाल रेघ गेली होती. कौसल्या बाकावर बसून पोटभर रडली.

पेज, मग मऊ भात असं करत करत एकदाची भाकरीला परवानगी मिळाली. तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, बांगड्याचं तिखलं केलं आणि त्याच्या समोर बसली. त्याचा एकेक घास ती डोळ्यांनी खाली नेत होती. गळा, छाती, आणि त्या दाराशी तिचाच श्वास अडकायचा. तोवर जयवंत पुढचा घास मोडत असायचा.

"आणखी एक वाढ गे."

तिने वाढली. तीही गेली. त्याने ताट बोटाने पुसून घेतलं, तेव्हा टोपली रिकामी होती.

"आणि तुका?"

 दोन वर्षं त्याच्या पानात उरेल तेच ती जेवली होती. अन्न टाकवत नाही म्हणून, आणि थोडं रागानेही. पीठ एकट्यापुरतंच घ्यायची हाताला सवय होऊन गेली होती. आज काही उरलंच नव्हतं.

"माका घालते एक," म्हणत ती परातीशी बसली. हात पिठात गेले आणि कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.