भिंतीपलीकडचा बिंदू

मी स्पर्धा परीक्षांची भूमिती शिकवते आणि माझ्याच मुंगीला ती येत नव्हती. मुंगी म्हणजे माझी लेक, वय तेरा. चिकाटी भरपूर, पण ऐन वेळी डोक्याचा दगड. निवड चाचणीतून अख्ख्या शहरातलं एकच मूल घेणार होते. ते माझं असावं म्हणून मी दोन वर्षं तिच्या मानगुटीवर बसले होते.

तिचं घोडं एकाच जागी अडायचं. रेषेच्या एकाच बाजूला दोन बिंदू. रेषेला शिवून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा सर्वांत छोटा रस्ता काढा. युक्ती सोपी आहे. एका बिंदूचं प्रतिबिंब रेषेपलीकडे घ्यायचं आणि सरळ जोडायचं. माझ्या वर्गात त्यासाठी कागद रेषेवर दुमडून टाचणी टोचतात. उघडला की पलीकडचं भोक म्हणजे प्रतिबिंब. "पण आई, जे गणितात दिलेलंच नाही ते आपण तिकडे कसं ठेवायचं?" ती विचारायची. मी कपाळाला हात लावायचे.

महिन्यापूर्वी मी तिचं टेबल खिडकीपासून उचलून शेजारच्या फ्लॅटच्या भिंतीशी ठेवलं, सारखी बाहेर बघते म्हणून. आणि तिला गणितं यायला लागली. दुमडणं नाही, टाचणी नाही, पेन्सिल थेट बरोबर जागी टेकायची. मी हरखून गेले. नवऱ्याला म्हटलं, "शेवटी रक्तात असतंच." तो म्हणाला, "उतरायला जरा उशीर झाला म्हणायचा."

एका दुपारी मी दारात उभी राहून बघितलं. मुंगीने पेन्सिलीने भिंतीवर दोनदा टकटक केलं. पलीकडूनही दोनदा टकटक आली. मग कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येऊ लागला आणि तो ऐकत ऐकत मुंगी आपल्या कागदावर रेघ ओढत गेली.

शेजारचा फ्लॅट सहा वर्षं बंद आहे, चावी आमच्याकडेच असते. मी जाऊन उघडला. आमचंच घर, पण उलटं. आमचं डावीकडचं स्वयंपाकघर तिथे उजवीकडे. खोली रिकामी, फरशीवर बोटभर धूळ. फक्त आमच्या टेबलासमोरच्या जागी ती चार ठिकाणी पुसली गेली होती, टेबलाच्या पायांएवढी. मी मोजलं, भिंतीपासून एक वीत. आमचं टेबलही एक वीतच होतं.

मी दार ओढून घेतलं आणि घरी आले. मी शिकवते तेच केलं. बिंदू रेषेपासून लांब नेला की प्रतिबिंबही तेवढंच लांब जातं. टेबल परत खिडकीशी नेलं आणि टकटक थांबली. मुंगी हसू-बोलू लागली, शांत झोपू लागली, आणि सरावाच्या पेपरात एकही गणित न सोडवता उठली.

चाचणी दोन दिवसांवर आली. मी तिला न विचारता टेबल भिंतीकडे ओढलं. पलीकडेही काहीतरी खरडत भिंतीकडे आलं आणि मी थांबले तेव्हाच थांबलं.

मुंगी दारात उभी होती. "आई, मला तिथे नको बसायला. ती रोज थोडी जवळ येते."

"असं होत नसतं," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. "आपण जागचे हललो नाही तर प्रतिबिंब हलत नाही."

तिने जरा विचार केला. "मग मीच जात असेन."

मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी सगळं कळलं होतं आणि मी तिच्यापेक्षा जास्त घाबरले होते. पण मूल एकच घेणार होते.

"परवापर्यंतच," मी म्हटलं आणि तिच्यासाठी खुर्ची धरली.

ती गुणी पोर निमूट येऊन बसली आणि खुर्ची पुढे सरकवली. मी कान देऊन ऐकलं. पलीकडे काहीच सरकलं नाही. माझ्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांनाही हे माहीत असतं, की रेषेवर पोचलेल्या बिंदूला वेगळं प्रतिबिंब नसतं. दोन्ही एकच होतात.

ती खाली मान घालून लिहू लागली. एकही गणित अडलं नाही. मी दोनदा "मुंगी" म्हणून हाक मारली. तिसऱ्यांदा मारायचा मला धीर झाला नाही.