उसाच्या रसाचा उतारा

आमच्या घरात सगळ्यात लाडाची बिजली घोडी. सारंगखेड्याच्या यात्रेत तिला नाचवायचं म्हणून आमच्या ह्यांनी, म्हणजे अमृतभाईंनी, वर्षभर तिची जेवढी सेवा केली तेवढी माझी केली असती तर मीच नाचले असते. ती दुसऱ्या कुणाच्या हाती पाऊल उचलत नाही. आणि यात्रा तोंडावर आली तेव्हाच ह्यांच्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजला. चादर लागली तरी ओरडायचे.

गावाने निदान केलं, अंगात गरमी. उतारा मळ्यातलाच, उसाचा गार रस. हे रोज लोटा घेऊन लंगडत गोठ्यात जायचे आणि तिथेच बसून प्यायचे. अंगठा आणखी फुगला, तेव्हा मीच त्यांना शहाद्याला नेलं.

डॉक्टर कामिनीताईंनी दारू-मटणाचं विचारलं. हे तडकले, "आम्ही गुजर मान्सं! शिवत बी नही!"

मग मी रसाचं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"त्यानं रक्तात युरिक ॲसिड वाढतं, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसतात. पेशीत एक धोक्याची घंटा असते, इन्फ्लमासोम. जंतू आला की ती वाजते, फौज धावते, म्हणून आपण जगतो. इथे जंतू नाहीच. खडा बघून घंटा वाजली आणि फौजेनं तुमचंच घर बडवलं."

"म्हणजे माझ्या सासूबाईच," मी म्हणाले.

रस बंद झाला, गोळ्यांनी सूज बरीच उतरली. यात्रेच्या सकाळी हे फेटा बांधून, अजून लंगडतच, गोठ्यात गेले. बिजली जागची हलेना. खुरं तापलेली.

गुरांच्या डॉक्टरांनी पाय तपासले. "खुरांच्या आत सूज आहे. घोड्यांना फार गोड बाधतं. काय पाजलंत हिला?"

ह्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. "मी एकला कसा पेऊ? अर्धा लोटा तिले देत व्हतू."

ती बरी होईल ना, हे त्यांनी तीनदा विचारलं. मला रागही आला आणि भरूनही आलं.

डॉक्टरांनी खुरं गार पाण्यात ठेवायला सांगितली. यात्रेतले ढोल गोठ्यापर्यंत ऐकू येत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी मला लोट्यातला एक घोट कधी विचारला नाही. म्हणून धड पायांची मी एकटीच उरले होते, आणि बादल्या मीच वाहत होते.