आलवणाचा पट्टा

मी तांबू बोलतेय. जातीने कुत्री, आणि तीही काशीच्या घाटावरची, साहेबाच्या बंगल्यावरची नव्हे. हे सांगताना शेपूट पायांत घालावं असं पुष्कळांना वाटतं. मी घालणार नाही.

माझा जन्म अमृतराव घाटाच्या पायऱ्यांलगतच्या एका कोनाड्यात झाला. वर ब्राह्मणभोजनं उठली की उष्ट्या पत्रावळी खाली येत, आणि त्यांवर गायी, कावळे आणि आम्ही असे सगळेच जगत असू. माणसाचा हात वर गेला की आधी त्यात पोळी आहे की दगड ते बघावं, एवढी एकच विद्या आईने आम्हाला दिली.

त्या हिवाळ्यात शहरात कुणी बडा साहेब येणार होता. त्याच्या नजरेला आम्ही पडू नये म्हणून हुकूम निघाला, की गळ्यात पट्टा नसलेलं कुत्रं दिसेल तिथे मारावं. लाठ्या घेऊन माणसं घाटावर उतरली. आई आम्हा पिल्लांच्या आडवी उभी राहिली आणि तिथेच पडली. भावंडंही वाचली नाहीत. माझ्या मागच्या पायावर लाठी बसली, तरी मी तीन पायांवर पळत सुटले. मुन्शी घाट मागे पडला. पुढे मणिकर्णिकेला चितांची ऊब मिळाली, तिथे जरा टेकले. अखेर मंगला गौरीजवळच्या एका अरुंद गल्लीत माझी ताकद संपली. ज्या दाराशी कोसळले ते यज्ञेश्वरशास्त्र्यांचं होतं.

शास्त्रीबुवा वेद शिकवत. घर कडक सोवळ्याचं. दार उघडलं ते त्यांच्या सुनेने, बकुळने. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा पटकीने गेला होता. तेव्हापासून डोक्याचं वपन, अंगावर विधवेचं तांबडं आलवण आणि दिवसातून एकदा जेवण. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला ती समोर दिसली तर तो परत फिरे. मी दिसले तर दगड उचली. आमचं चटकन जमलं, त्याचं कारण एवढंच.

तिने मला जिन्याखाली लाकडांच्या आडोशाला ठेवलं. पायाला हळद भरून कामट्या बांधल्या. मी वेदनेने तिच्या हाताला दात लावले. तिने हात मागे घेतला नाही.

"चाव," ती म्हणाली. "चावायला तरी कुणी शिकवलंय तुला. मला नाही शिकवलं."

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी मला पाहिलं.

"सूनबाई, कुत्र्याला शिवलीस?"

"हो, मामंजी. गंगेवर जाऊन न्हाऊन आले."

"आणि उद्या?"

"उद्याही न्हाईन. शिवेन तितक्या वेळा न्हाईन."

"या थंडीत मरशील तू. बाहेर घाल तिला."

बकुळ मान खाली घालूनच बोलत होती, पण जागची हलली नाही. "या घरात आल्यापासून मी काही मागितलं नाही, मामंजी. हिला मागते."

शास्त्रीबुवांनी तोंड फिरवलं. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या न बोलण्यावर मी राहिले.

पण गल्लीला ते कसं सोसावं? शेजारचे दत्तात्रेयपंत एकदा दारात येऊन म्हणाले, "शास्त्रीबुवा, घरात कुत्री वावरते. पुढे श्राद्धपक्षाला तुम्हाला बोलवायचं कसं?" शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. बकुळने आतून सगळं ऐकलं आणि मला ताकभात घातला, रोजच्याहून जास्त.

मग लाठीवाले आमच्या गल्लीत आले. दार दाखवलं दत्तात्रेयपंतांनीच. आत शिष्यांचा पाठ चालू होता. बकुळ उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. माझी आई जशी उभी राहिली होती, अगदी तशी. मी तिच्या पायांमागे सरकले.

"माई, कुतिया निकालिए. हुकुम है," जमादार म्हणाला.

"हुकुम किसके लिए है?"

"जिसके गले में पट्टा नहीं."

बकुळने पदराचा काठ दातांत धरला आणि टर्रकन फाडला. ती तांबडी चिंधी तिने माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. गाठ काही बसेना.

जमादार हसला. "ई कौनो पट्टा है?"

"अहो, विधवेचं वस्त्र कुत्र्याच्या गळ्यात!" दत्तात्रेयपंत ओरडले. "शास्त्रीबुवा, बाहेर या आणि बघा."

शास्त्रीबुवा आले. मागे शिष्य उभे राहिले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, फाटक्या पदराकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात ते सोवळ्यानिशी खाली वाकले, बकुळच्या हातातली टोकं घेतली आणि माझ्या गळ्याशी घट्ट गाठ मारली.

"हमारे घर की है," ते जमादाराला म्हणाले. मग दत्तात्रेयपंतांकडे वळले. "श्राद्धाला बोलवू नका. चालेल."

लाठ्या पुढच्या गल्लीत गेल्या. शास्त्रीबुवा स्नानाला निघून गेले.

लोकांनी त्यांना खरंच बोलावलं नाही. काही शिष्यही सोडून गेले. ताटात साधं वरण आलं, कधी तेही पातळ.  शास्त्रीबुवा मात्र जेवताना शेवटचा घास पानाबाहेर ठेवू लागले आणि माझ्याकडे न बघता उठू लागले.

पुढच्या महिन्यात न्हावी वपनाला आला. बकुळ मागच्या दारी गेलीच नाही. माझ्याजवळ जिन्याखाली बसून राहिली. न्हाव्याने हाक मारली. शास्त्रीबुवा पोथीतून मान वर न करता म्हणाले, "तिला विचार."

"नको," बकुळ म्हणाली.

एवढा एकच शब्द. पण मंगला गौरीच्या सगळ्या पायऱ्यांवर तो आठवडाभर फिरत होता.

आता शास्त्रीबुवा नाहीत. बकुळच्या केसांत पांढरे केस आहेत, आणि ती ते उन्हात बसून विंचरते. गल्लीतल्या मुली तिच्याकडे अक्षरं गिरवायला येतात. त्यांत दत्तात्रेयपंतांची नातही आहे. माझे दात पडले, डोळ्यांवर पडदा आला. फार दिवस उरले नाहीत, हे मला कळतं.

मी गेले की माझी कीव करू नका. तुमच्या दाराशी माझ्यासारखं कुणी लंगडत आलं, तर आत घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त शेजाऱ्याला विचारून ठरवू नका.

साहेब अजून येतात, हुकूम अजून निघतात. लाठीवाले गल्लीत शिरले की लोक मला म्हणतात, "आत जा गं." मी जात नाही. शास्त्रीबुवांनी मारलेली गाठ अजून गळ्याशी आहे. भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध पडून राहते. वळसा त्यांनी घालावा.