कल्हई केलेली झांज

मित्रांनो, मिरजोळ्याला रावजींच्या घरी तांदळाच्या पिंपावर एक चकचकीत झाकण आहे. मधोमध भोक, आणि त्यात मुंग्या शिरू नयेत म्हणून चिंधीचा बोळा कोंबलेला. ते झाकण म्हणजे मी. हसू नका! मी एक जुनी झांज आहे आणि एके काळी माझा आवाज ऐकून मांडवात निजलेली पोरं दचकून उठत.

आरतीला वाजतात त्या तळहाताएवढ्या झांजा वेगळ्या. मी परातीएवढी. ड्रमशेजारी दांडीवर बसायचे आणि काठीचा मार खायचे. तांबं आणि कथील एकत्र वितळवून माझं कांसं ओतलं, मग मुंबईच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला कित्येक दिवस हातोडीने ठोकलं. दर चार घावांनंतर तो मला कानाशी धरून ऐकायचा. माझा आवाज त्या घावांतून आला, हे मी कधी विसरले नाही.

रावजी मला घेऊन आले तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. दिवसा ते मिरजोळ्याच्या एका कारखान्यात राबायचे आणि लग्नसराईत आप्पांच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. कारखान्यात त्यांना कोणी विचारत नसे. स्टेजवर मात्र लोक त्यांना नावाने हाक मारून टाळ्या देत. माझा नाद एकदा सुटला की लवकर आटोपत नसे, म्हणून काठी मारली की रावजी दोन बोटांत माझी कड धरायचे आणि मी गप्प व्हायचे. दहा-अकरा वर्षांत त्या बोटांची मला फार सवय झाली. खाऱ्या वाऱ्याने माझ्या अंगावर हिरवट डाग धरत. रावजी ते कोरड्या फडक्याने पुसत आणि उरलेले खुशाल राहू देत.

सत्त्याऐंशी साली गावातला श्याम, तोही ड्रम वाजवणारा, मुंबईहून परत आला. त्याच्याकडे रबरी चौकोन असलेली एक चपटी पेटी होती. चौकोनावर काठी मारली की स्पीकरमधून झांज वाजे. खोटं कशाला बोलू, मला घाम फुटला असता, पण मला घाम येत नाही.

रावजींच्या ओटीवर तालीम होती. संगमेश्वरचे भागोजी, सगळ्यांत जुने ड्रमवाले, मुद्दाम पेटी बघायला आले होते.

"रावजीदादा, ह्याला खारा वारा लागत नाय," श्याम म्हणाला. "एश्टीच्या टपावर टाकायला नको, पुसायला नको. तुमच्या झांजेवर बघा, शेवाळ धरलंय!"

सगळे हसले. भागोजींनी पेटीवर चार ठिकाणी काठी मारून बघितली.

"कडेला मारली तरी तेच, मधे मारली तरी तेच," ते म्हणाले. "आणि लाइट गेली की काय रं करशील? तोंडानं वाजवशील?"

"माझी मारली की हातानं थांबवायला लागते," रावजी हळूच म्हणाले. "तुझी आपली आपणच थांबते. मग हातानं करायचं काय?"

आप्पांनी तिथेच निकाल सांगून टाकला. "राजापूरच्या पूजेला पयला भाग श्याम वाजवील, दुसरा रावज्या. मग मी एकच ठेवीन. टेंपोत दोघांना जागा नाय."

दाराआड रावजींची बायको, चिमा, हे ऐकत होती. नवऱ्याच्या झांजेला शेवाळ म्हटलेलं तिच्या जिव्हारी लागलं. तिनेही मला रोज हलक्या हाताने झटकलं होतं, माझ्यावर कधी भांडं ठेवू दिलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रावजी कामावर गेले आणि गल्लीत कल्हईवाला आला. चिमाने टोप दिले, परात दिली आणि पदराखालून मला काढलं.

"ही नीट करा हां, दादा," ती म्हणाली. "आरशासारखी व्हायला पायजे."

मित्रांनो, मी काय करणार होते? ओरडायला मला काठी लागते. भाता सुरू झाला, निखारे लाल झाले, म्हाताऱ्याचे घाव एकेक करून माझ्या अंगातून सैल होत गेले. कल्हईवाल्याने नवसागर टाकला, कापसाने वितळलेलं कथील माझ्या अंगभर फासलं आणि मला पाण्यात बुडवलं. चिमाने मला उन्हात धरून आपला चेहरा बघितला. एवढी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने मला नव्या पिशवीत घालून तोंड शिवून टाकलं.

"तितं जाऊनच सोडा," सकाळी ती रावजींना म्हणाली. "आधी बगायचं नाय."

राजापूरला भर दुपारी मांडव गच्च भरला होता. श्यामने पहिलं गाणं झकास वाजवलं. दुसऱ्या गाण्यात लाइट गेली. माइक गेला, पेटी मुकी झाली, लोक शिट्ट्या मारू लागले.

"रावज्या, चढ वर!" आप्पा ओरडले.

श्यामने स्वतः ड्रम पुढे सरकवले. रावजींनी दाताने पिशवीची शिवण तोडली आणि मला बघून ते जागीच थबकले. पण ट्रंपेटवाल्याने सूर धरला होता. त्यांनी मला दांडीवर चढवलं, सगळा जीव एकवटून काठी मारली आणि सवयीने दोन बोटं कड धरायला पुढे आणली.

थप्प, एवढंच मी बोलले. बोटांना थांबवायला काही उरलंच नव्हतं.

त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा थप्प. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मुद्दाम ऐकायला आलेले भागोजी उठून स्टेजपाशी आले, माझ्या अंगावरून बोट फिरवलं आणि खाली मान घालून परत गेले. लाइट आली तेव्हा आप्पांनी श्यामला खूण केली.

घरी चिमा दारातच उभी होती. "कशी दिसली वो?"

"लोक बगीत ऱ्हायले," रावजी म्हणाले. "पन आप्पांनी श्यामला ठेवला."

"मग आप्पांनी तुमाला का सोडला?"

रावजींनी मला भिंतीला टेकवून ठेवलं. "ते यंत्र आलंय ना गो. आता झांज कोन ऐकतो?"

त्या दिवसापासून चिमा श्यामच्या पेटीला शिव्या देते. पेटी बिचारी निर्दोष आहे, हे मला ठाऊक आहे, रावजींना ठाऊक आहे, आणि आम्ही दोघेही गप्प आहोत.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंवर माया करा, पण कशाला काय सोसतं ते आधी जाणत्याला विचारा. मला कोणी टाकून दिलं नाही, हीच माझी अडचण आहे. दर दसऱ्याला चिमा मला पिंपावरून उचलते, हळदकुंकू वाहते आणि म्हणते, "बगा, अजून कशी लखलखते!" रावजी "हो गो" म्हणतात. मग ती लाडाने बोटाच्या पेराने मला एक टिचकी मारते, आणि रावजींची दोन बोटं अजूनही आपोआप पुढे येतात.