बेटावरची कवळी भाजी

तानीने कवळीच्या रानभाजीचा घास ओठांपर्यंत नेला आणि परत पानावर ठेवला.

"कट!" सुलू जागेवरून उसळली. "आई, वादळापासून उपाशी आहेस तू! तुटून पडायचंय त्या भाजीवर!"

"पडलेच व्हते," तानी म्हणाली. "तोंडच उघडं ना."

मनोरजवळ नदीच्या पात्रात बैलाच्या वशिंडासारखा एक खडकाळ उंचवटा आहे. सुलूच्या सिनेमात तेच भर समुद्रातलं निर्जन बेट होतं. होडी फुटून तिथे अडकलेलं कुटुंब म्हणजे तिचा बाप जिव्या, आई तानी आणि ती स्वतः. कथा तिची, दिग्दर्शन तिचं. हे ती विचारणाऱ्याला सांगायची आणि न विचारणाऱ्यालाही. मोबाइल धरायला वर्गातली ज्ञानेश्वरी खास सालवडहून आली होती. शाळांच्या लघुपट स्पर्धेसाठी आता शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता: उपाशी माणसांना भाजी सापडते, ती खातात आणि जगतात. नदी मात्र सकाळपासून चढत होती. उद्या बेटच पाण्याखाली जाणार होतं.

जिव्याने विडी कानामागे खोचली आणि हसला. "ती नाय खायाची. गावदेवाला भाजी दावली नाय अजून."

सुलूने कपाळावर हात मारला. रानातली नवी भाजी आधी गावाने मिळून भगताच्या हातून देवाला दाखवायची, मग घराघरांत शिजायची. त्याआधी कोणी पान तोंडात घालत नाही. वसतिगृहात राहून राहून ती नेमकं हेच विसरली होती. आणि भाजी तर सकाळी तिनेच खुडून आणली होती, ऐटीत.

"काकू, पालक आणू का?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "कॅमेऱ्यात सगळं हिरवंच दिसतं."

"गावातली बघतील, त्यांना पालक कलल का?" तानी म्हणाली. " तानीनं आदी खाल्ली, ह्याच बोलतील."

"अगं, पण सिनेमात गाव आहे कुठे?" सुलूचा आवाज चढला. "देव नाही, भगत नाही. अख्ख्या बेटावर आपण तिघंच!"

"मंग तिघांचा गाव," तानी म्हणाली.

पायाखालच्या खडकाला पाणी चाटून जात होतं. सुलूने हातातला कथेचा कागद घडी करून खिशात कोंबला, ज्ञानेश्वरीकडे बघून हवेत बोट फिरवलं, चालू कर, आणि आईजवळ जाऊन बसली.

"आई, भूक लागलीय."

तानीने लेकीकडे पाहिलं. मग भाजी पानात गुंडाळली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"गावात जाऊन खाऊ. सगल्यांबरोबर."

"आन् होडी आलीच नाय त?" जिव्याने विचारलं. हे वाक्य त्याला कोणी दिलं नव्हतं.

"येल," तानी म्हणाली आणि पाण्याकडे तोंड करून बसली.

कट म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. पाणी ज्ञानेश्वरीच्या चपला घेऊन निघालं, तेव्हा कुठे सगळे किंचाळत उठले.

महिन्याभराने पालघरच्या एका सभागृहात दिवे मालवले गेले. पुढच्या रांगेत सुलूच्या शेजारी तानी नव्या लुगड्यात बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसतात तशी. पडद्यावरच्या तानीने पदराला गाठ मारली आणि सभागृहातली कुजबुज थांबली.

"खा ना मावशी! मरशील!" मागून एक पोरगा कळवळून ओरडला.

कोणी हसलं नाही. पडद्यावर तीन पाठमोरी माणसं आणि पुढे नुसतं पाणी उरलं. सिनेमा संपला. दिवे लागायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. सुलूची मान अशी ताठ झाली होती की मागच्या बाईंना बाजूने वाकून बघावं लागत होतं.

तानी तिच्या कानाशी आली. "त्या पोराला सांग ना. रविवारी देवाला दावली, पोटभर खाल्ली आपन. कालजीत हाय बिचारा."

सुलूने पडद्यावरची नजर काढली नाही.

"नको," ती म्हणाली. "बघू दे वाट त्याला पन."