पहिले तीन शब्द

नाट्यशाखेच्या प्रवेश अर्जावर ‘केलेल्या भूमिका’ या मथळ्याखाली दहा ओळी मोकळ्या होत्या. चिमणीने एक भरली: प्रेत, दुसरा अंक. उरलेल्या नऊ ओळी तिच्याकडे आ वासून पाहत राहिल्या.

चिमणी हे नाव हौशी नाटकमंडळींनी तिच्या आवाजावरून पाडलेलं. चौदाव्या वर्षापासून ती त्यांची प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि नट अडला की वाक्याचे पहिले तीन शब्द हळूच पुरवायचे. पुढचं तो उचलायचा. अशी एकोणीस नाटकं तिला तोंडपाठ होती, पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

मायलेकी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. चादरीची दोन टोकं आईकडे, दोन हिच्याकडे.

“प्रेत लिहिलंस?” यंत्रांच्या घरघरीत आई ओरडली. “बरं केलंस. ते मात्र झकास केलं होतंस हो, मेली हललीसुद्धा नाहीस!”

“आई, या वर्षीच वय बसतंय. पुढच्या वर्षी अर्जही घेणार नाहीत.”

“आणि इथली कायमची जागा मुकादमबाईंनी सोमवारपर्यंतच धरून ठेवलीय. जाऊन ये. एकदाचं खूळ तरी जाईल डोक्यातून.”

शनिवारी परीक्षा झाली. सगळ्यांना एकच उतारा होता: घर सोडून निघालेल्या मुलाशी बोलणारी म्हातारी. चिमणीच्या आधीची उंच मुलगी मध्येच अडली. चिमणीच्या तोंडून विंगेतून आपसूक तीन शब्द गेले. मुलीने ते झेलले आणि शेवटी अशी रडली की परीक्षकांनी माना डोलावल्या.

मग हिची पाळी आली. समोर अंधारात तीन परीक्षक.

“दार उघडं ठेवून...” चिमणी म्हणाली आणि थांबली.

“पुढे?”

“मी काही तुला...” बाकीचं वाक्य तिला डोक्यात लख्ख ऐकू येत होतं, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात.

“पाठ नाहीये का, बाळ?”

“सगळं पाठ आहे, सर.”

“मग थांबतेस कुणासाठी?”

तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली, घसा खाकरला. तिसऱ्यांदाही तीनच शब्द बाहेर पडले आणि तिची नजर, नको नको म्हणताना, बाजूच्या रिकाम्या विंगेकडे वळली. कुणीतरी उचलेल म्हणून ती वाट पाहत उभी राहिली.

मधल्या परीक्षकाने तिचा अर्ज उजेडात धरला. “प्रेत,” त्याने वाचलं. कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं. “ये तू.”

संध्याकाळी यादी लागली. उंच मुलीचं नाव पहिलं होतं. चिमणीने यादी वरून खाली आणि खालून वर वाचली.

सोमवारी मुकादमबाईंच्या टेबलावर सही करून ती धुलाईखान्यात शिरली. चादरींचा ढीग वाफाळत होता. आईने मान वर केली नाही.

“काय म्हणाले गं?”

“त्यांनी मला काही...”

यंत्रं घरघरत राहिली.

“घेतलं नाही,” आई म्हणाली आणि चादरीची दोन टोकं तिच्यापुढे केली.