टेपरेकॉर्डरच्या तोंडात सीडी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणा, पण मवाळ समजू नका. माझं झाकण उपटलेलं आहे, एक कोपरा फुटलेला आहे, आणि ते कसं झालं हे आठवलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईने पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "हा दणकट निघाला." तिथून मी आलो एका छोट्या बेकरीत. बेकरी भावा-बहिणीची. भट्टी दादा सांभाळायचा आणि केकवर नावं ताई लिहायची. तिचं अक्षर इतकं सुरेख की गिऱ्हाइकं केक कापायला कचरायची. नवी भट्टी आली तेव्हा तिची माहिती कॅसेटवर आली होती. मी ती घडाघडा बोलून दाखवली. दादा तेव्हा म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!" ते दिवस चांगले होते.

मग पीठ मळायचं यंत्र आलं. विकणारा घाईत होता. त्याने दादाच्या हातात एक चकचकीत सीडी ठेवली आणि म्हणाला, "कसं वापरायचं ते सगळं यात आहे. बघून घ्या." ती लावायला तुमच्याकडे काही आहे का, हे त्या शहाण्याने विचारलं नाही. आणि आमचा दादा? छाती फुगवून म्हणाला, "बघतो की!"

तो गेल्यावर ताईने विचारलं, "दादा, ही लावायची कशात?"

दादाने उलथनं घेतलं, माझं झाकण उपटलं आणि सीडी माझ्या तोंडात कोंबू लागला. अरे, तोंड केवढं आणि घास केवढा! सीडी मोडली. वर मलाच दोन थपडा बसल्या.

पुढे विकणाऱ्याचा फोन आला. "सीडी बघितलीत ना?"

"हो हो! झकास आहे," दादा म्हणाला. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. फोन ठेवून तो तिच्यावर खेकसला, "मग काय सांगू? आमच्याकडे हे डबडं आहे म्हणून?"

डबडं म्हणजे मी. एवढ्याशा लाजेपायी पुढचं सगळं घडलं.

एका सकाळी यंत्राच्या कडेला पीठ चिकटलं. ताईने बटन बंद केलं आणि ते खरवडायला हात घातला. पातं अजून फिरत होतं. तिची किंकाळी ऐकून दादा धावला. त्याने वायर उपटली, लोखंडी सळईने पातं मागे रेटलं, शिव्या घातल्या, रडला. पीठ लाल झालं होतं. ताईच्या उजव्या हाताला बोटं राहिली नाहीत.

ती दवाखान्यातून परतली, त्याच दिवशी विकणारा भेटायला आला. दादाने त्याची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं. "सांगितलं का नाहीस?" एक ठोसा. "का नाहीस?" दुसरा.

"सीडीत होतं हो!" तो रक्त थुंकत ओरडला. "तुम्हीच म्हणालात, बघितली!"

दादाची मूठ हवेतच थांबली. मग त्याने मला उचललं आणि जमिनीवर आपटलं.

"पुरे!" ताई ओरडली. "याला फोडून माझी बोटं येणार आहेत का? दादा, 'नाही बघितली' म्हणायला काय झालं होतं तुला? आणि साहेब, आमच्याकडे काय चालतं हे एकदा विचारलं असतंत, तर जीभ झडली असती?"

विकणाऱ्याने मला उचलून पुसलं आणि एक कोरी कॅसेट मागितली. दादाने ती माझ्यात घालून बोटाने दाबून धरली. सुजलेल्या ओठांनी विकणारा बोलला, "बटन बंद केलं तरी पातं फिरत राहतं. आधी वायर काढा. पातं थांबलेलं डोळ्यांनी बघा. मगच हात घाला." मी शब्द न् शब्द टिपला.

मित्रांनो, कुणाला काही शिकवायला निघालात, तर त्याच्या घरात काय चालतं ते आधी विचारा. आणि तुमच्याकडे नसेल, तर बेधडक 'नाही' म्हणा. आम्हा जुन्या वस्तूंची लाज बाळगू नका, आमची निगा राखा. आम्हाला जेवढं येतं तेवढं आम्ही इमानाने करतो.

रोज सकाळी पीठ ओतण्याआधी ताई मला सुरू करते. डाव्या हाताने कॅसेट दाबून धरते आणि बटन उजव्या कोपराने दाबते. तेवढा वेळ दादा भट्टीकडे तोंड करून उभा राहतो.